गावची पांढरी जेसीबीने कापलीय. कापात दिसणारे थर कसे वाचायचे? (खान्देश)

गिरणाकाठचा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

गाव गिरणेकाठी, भडगाव तालुक्यात. नाव मुद्दाम देत नाही. गावाला लागून जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड आहे. माथ्यावर पडकी गढी, तिचा एक बुरूज अर्धा शिल्लक, पायथ्याला म्हसोबा आणि बाकी सगळ्या बाभळी. पाऊस पडून गेला की पोरं तिथे मणी वेचायला जातात, आम्हीही जायचो. कुणाला शंखाच्या बांगडीचा तुकडा मिळायचा, कुणाला लाल दगडाचा मणी.

यंदा उन्हाळ्यात नदीकडच्या बाजूने जेसीबी लावून शेतात टाकायला माती काढली. त्यामुळे तिथे दीड-दोन पुरुष उंचीचा उभा काप तयार झालाय. सर्वात वर विटांचे तुकडे, कौलं, प्लास्टिक. त्याखाली बरीच जाड पांढरट माती, अधूनमधून राखेचे करडे पट्टे. मग एक पट्टा असा की त्यात खापर जवळजवळ नाहीच, माती घट्ट आणि गडद. त्याच्या खाली पुन्हा राख, पुन्हा खापर. इथलं खापर लाल, त्यावर काळ्या रेघा. तळाला काळी माती.

दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. हे टेकाड मुळात झालं कसं? आणि मधला तो रिकामा पट्टा कसला? फोटो टाकलेत. चौथा फोटो नीट बघा. त्यात दोन मडकी आडवी पडलेली आहेत, तोंडाला तोंड लावून.

केळीवाला

पांढरीची माती म्हणजे सोनं आहे दादा. आमच्या रावेरकडे जुन्या गावठाणाची माती बापजादे बैलगाडीने नेत. चोपण (खारवट, चिकट) जमिनीला नाही चालत, पण हलक्या रानात टाकली की पीक उठून दिसतं. शेतकऱ्याने नेली तर त्यात त्याचं काय चुकलं? खताच्या गोणीचा भाव बघा आधी.

अहिराणी_आप्पा

भाऊ, आमना गावनी पांढरीमा बी सोनाना हंडा शे आसं सांगतस. तीन पिढ्या खंदी ऱ्हायन्यात, कोणलेच भेटना नई. तुमनं टेकाड पांडवसना येळनं शे का?

शंकासुर

आलेच पांडव. महाराष्ट्रात एक टेकडी अशी दाखवा जिथे भीमाने जेवण केलं नाही.

खापरवेडी

गिरणाकाठचा, फोटो छान आहेत, पण एकातही मोजपट्टी नाही. पुढच्या वेळी काहीतरी ठेवा शेजारी, कुदळ चालेल.

आधी टेकाड कसं होतं ते सांगते. तुमच्याकडे धाब्याची घरं अजून असतील. आठवा, ते घर कसं जगतं. भिंती मातीच्या. वर लाकडं, त्यावर तुराट्या-पऱ्हाट्या, त्यावर मातीचा थर. दर उन्हाळ्यात धाब्यावर नवी खारी (खारवट माती) पडते, जमीन शेणामातीने सारवली जाते, चुलीतली राख परसात जाते. म्हणजे घर उभं असतानाच त्याची माती वाढत असते. मग एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते. कुणी ती माती उचलून गावाबाहेर टाकत नाही. लाकूड तेवढं काढून घेतात, ढिगारा सपाट करतात आणि त्यावरच नवं घर बांधतात. जोतं वीतभर, हातभर वर गेलेलं असतं. हे शेकडो वर्षं चाललं की टेकाड तयार. पूर येणाऱ्या नदीकाठी लोक उंच जागा सोडत नाहीत, हेही त्याच्या वाढीचं कारण.

म्हणून ‘गाव जमिनीत गाडलं गेलं’ हे खरं नाही. गाव स्वतःच्याच ढिगाऱ्यावर वर चढत गेलं. सिमेंटची घरं आल्यावर ही वाढ थांबली, कारण स्लॅबचा ढिगारा आपण ट्रॉलीत भरून दूर टाकतो.

केळीवाले दादांचं पीक का उठतं तेही यातच आलं. राख, शेण, हाडं, कुजलेलं धान्य, सगळं शतकानुशतकं एका जागी मुरलेलं. त्यात स्फुरद (फॉस्फरस) आणि चुना भरपूर. पुरातत्त्वाचे लोक जुनी वस्ती शोधायला मातीतलं स्फुरदच तपासतात. आपल्या शेतकऱ्याने ते पिकावरून ओळखलं होतं.

मास्तर_निवृत्त

खान्देशात या विषयावर बोलायचं तर सुरुवात प्रकाशेपासून व्हायला हवी. शहादा तालुक्यात, तापी आणि गोमाईच्या संगमावर. लोक दक्षिण काशी म्हणून केदारेश्वराला जातात, पण त्याच गावचं टेकाड भारतीय पुरातत्त्वात फार महत्त्वाचं आहे हे शंभरातल्या एकाला ठाऊक असतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे १९५४-५५ मध्ये उत्खनन केलं. आणि तुमच्या गिरणेवर, चाळीसगाव तालुक्यात बहाळ. तिथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये आणि परत १९५६-५७ मध्ये खणलं. बहाळच्या समोर नदीपलीकडे टेकवाडे, तिथे ताम्रपाषाण काळातली, म्हणजे लोक तांबं आणि दगड दोन्ही वापरत त्या काळातली दफनं मिळाली. इकडे जित्यांचं गाव आणि तिकडे मेलेल्यांची जागा.

देशपांडे पुढे सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्यांच्या पाठोपाठ थापर झाले. खान्देशच्या दोन पांढऱ्या खणणारे दोघं एकामागून एक देशाच्या पुरातत्त्वाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसले. जिल्ह्याच्या शाळांत हे कुणी शिकवत नाही.

गिरणाकाठचा

बहाळ आमच्यापासून लांब नाही. तिथे यादवांचा शिलालेख आहे एवढंच ऐकून होतो.

मास्तर_निवृत्त

बरोबर. सिंघण यादवाच्या काळातला, १२२२ चा. त्याचा ज्योतिषी अनंतदेव, भास्कराचार्यांच्या घराण्यातला. म्हणजे बघा, गाव ताम्रपाषाण काळात होतं, लोखंड आलं तेव्हा होतं, यादवांच्या वेळी तिथे देऊळ बांधण्याइतकी ऐपत होती आणि आजही एसटीचा थांबा आहे.

खापरवेडी

प्रकाशेचं थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या रिकाम्या पट्ट्याचं उत्तर तिथे सापडेल असं वाटतं.

थापरांनी तिथे चार कालखंड मांडले. सगळ्यात खालचा ताम्रपाषाण, त्यांच्या हिशेबाने सुमारे इ.स.पू. १७०० ते १३००. त्याचे पुन्हा दोन भाग. आधीच्या भागात दगडाची बारीक पाती, थोडं तांबं आणि माळवा पद्धतीची (मध्य प्रदेशातल्या माळव्यावरून नाव पडलेली) खापरं. नंतरच्या भागात त्यात दोन नव्या जातींची भर पडली. एक जोर्वे. हे नाव नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून पडलं, तिथे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये खणलं होतं. पक्कं भाजलेलं लाल भांडं, काळी भौमितिक नक्षी, नखाने वाजवलं तर ठणठणतं. दुसरी चकाकी असलेली लाल खापरं. ती सौराष्ट्रातल्या रंगपूरची ओळख. म्हणजे तापीच्या या गावात एकाच वेळी दक्षिणेकडची गोदावरी-प्रवरा आणि पश्चिमेकडचा गुजरात, दोन्हीकडची भांडी होती. तापी हा रस्ता होता. आज नंदुरबारचा माणूस बाजाराला सुरतला जातो, त्यात नवं काही नाही.

त्यानंतर खंड पडतो. वस्ती उठली. पृष्ठभाग ऊन-पाऊस खात तसाच पडून राहिला. दुसरा कालखंड सुरू होतो तो सुमारे इ.स.पू. ७०० ला, आणि तेव्हा लोखंड आलेलं असतं. काळी-तांबडी खापरं असतात, सोबत उत्तरेकडची काळी चकचकीत खापरंही. तिसरा सातवाहनांच्या काळापासून पुढचा. चौथा इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंत येतो.

तुमचा घट्ट, गडद, बिनखापराचा पट्टा तशाच खंडाचा असू शकतो. टेकाडावर माणूस नव्हता तेव्हाची माती. फोटोवरून यापेक्षा जास्त म्हणणार नाही.

शंकासुर

मला दोन गोष्टी पटत नाहीत. एक, खालचं ते जुनं हे गृहीत धरलंय. मी विहीर खणली आणि तळाशी माझा मोबाईल पडला तर तो सातवाहनांचा होतो का? दोन, १९५५ मध्ये इ.स.पू. १७०० हा आकडा आला कुठून? तेव्हा आपल्याकडे कार्बन कालमापन (कोळसा-हाडातल्या कार्बनवरून वय काढणं) होतं तरी का?

खापरवेडी

दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिला. खोलीवरून काळ ठरत नाही, थरावरून ठरतो. तुमचा मोबाईल दहा हात खोल असला तरी तो ज्या खड्ड्यात आहे त्या खड्ड्याचं तोंड वरच्या थरात उघडतं. कापात ते दिसतं, खड्ड्याच्या कडा आजूबाजूचे पट्टे तोडत खाली जातात. म्हणून खणणारा आधी खड्डे ओळखतो. धान्याची पेवं, राखुंडे, चोरांनी हंड्यासाठी मारलेली बिळं (आप्पा, तुमच्या तीन पिढ्या!), घुशींची बिळंसुद्धा. खड्ड्यातला माल वेगळ्या पिशवीत जातो. हे न करता नुसतं ‘अमुक फुटावर सापडलं’ असं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा. अमेरिकन शास्त्रज्ञ लिबीने कार्बनची पद्धत १९४९ मध्ये मांडली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. प्रकाशेचे काळ मुख्यतः तुलनेने ठरवलेले आहेत. उत्तरेकडच्या काळ्या चकचकीत खापरांचा काळ गंगेच्या खोऱ्यातून माहीत होता, रंगपूरच्या खापरांचा गुजरातेतून, त्यांना धरून बाकीचे थर बसवले. नंतर महाराष्ट्रातल्याच इनामगाव, दायमाबाद अशा उत्खनन झालेल्या ठिकाणच्या कोळशावरून आकडे मिळाले आणि काही कालखंड मागे-पुढे सरकले. पण क्रम टिकला. माळव्यानंतर जोर्वे, मग खंड, मग लोखंड, हा क्रम कुणी उलटा केलेला नाही.

शंकासुर

ठीक. मग गाव उठलं का? दुष्काळ की पूर?

खापरवेडी

यावर भांडणं आहेत. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचं म्हणणं, इ.स.पू. १००० च्या आसपास पाऊसमान घटलं आणि दख्खनमधली ही शेतीची गावं मोडली. इनामगावला नंतरच्या काळात चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, हा त्यांचा एक आधार. दुसरे म्हणतात सगळीकडे एकच कारण लावू नका. पूर असेल तर कापात वाळू-गाळाचा स्वच्छ थर दिसायला हवा. गिरणाकाठच्या फोटोत मला तसा दिसला नाही. तापीला पूर काय करतो ते शहाद्याच्या माणसाला सांगायला नको, तरीही एका पुरात लोक गाव कायमचं सोडत नाहीत. पाणी ओसरलं की चिखल उपसून तिथेच राहतात.

मला स्वतःला पावसाचं कारण पटतं, पण अर्धंच. पाऊस पूर्वीही हुकत असणार आणि लोक टिकले होते.

पांझराकाठ

धाग्यात सगळे टेकाडाचंच बोलतायत म्हणून आमच्या साक्री तालुक्यातलं कवठे आठवलं. कान नदीवर. ऐंशीच्या दशकात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खणलं. तिथे टेकाड असं नाहीच! वस्ती पसरलेली मोठी, पण थर अगदी पातळ. जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेली घरं. सावळदा संस्कृती म्हणतात, आमच्याच धुळे जिल्ह्यातल्या तापीकाठच्या सावळद्याचं नाव. दायमाबादला ती सगळ्यात खालच्या थरात मिळते, इ.स.पू. २००० च्या आगेमागे, म्हणजे जोर्वेच्याही बरीच आधी. भांड्यांवर बाण, मासे, पक्षी असली चित्रं.

तिथे लोक फार काळ एका जागी राहिले नसणार. म्हणजे टेकाड नाही म्हणून माणूस नव्हता असं होत नाही. नांगराखाली अशी किती गेली असतील.

मास्तर_निवृत्त

पांझराकाठ, चांगली आठवण. आणि मागेच जायचं तर चाळीसगावजवळ पाटणे आहे. सु. अ. साळी यांनी तिथे पुराश्मयुगातले (शेतीच्या आधीच्या, दगडी हत्यारांच्या काळातले) थर खणले, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. खान्देशात शहामृग! केळीच्या बागेत उभा करून बघा डोळ्यासमोर.

केळीवाला

आमच्याकडे नीलगाय पुरेशी आहे, शहामृग नको.

गिरणाकाठचा

खापरवेडीताई, चौथ्या फोटोबद्दल काही बोलला नाहीत.

खापरवेडी

मुद्दाम शेवटी ठेवला होता. तुमच्या गावात उगाच गवगवा नको म्हणून.

जोर्वे काळात लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, घराच्या जमिनीखाली पुरत. इनामगावला अशी पुष्कळ दफनं मिळाली. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडलेली असत, ती वेगळीच गोष्ट. तुमच्या फोटोतली मडकी खालच्या पट्ट्यात आहेत, आडवी आहेत आणि त्यांच्याभोवती खड्ड्याची कड पुसट दिसते. तेव्हा शक्यता आहे.

कृपा करून ती ओढून काढू नका. आत माती भरलेली असते, बाहेर काढताच मडकी फुटतात. आत हाडं असलीच तर ती कागदासारखी ठिसूळ असतात. मडक्यापेक्षा ते कुठल्या जमिनीखाली होतं, जमीन कुठल्या घराची, शेजारी चूल होती का, हे कळण्यातच सगळं आहे. घरी आणून कपाटात ठेवलंत तर दोन जुनी मडकी उरतील, बाकी काही नाही.

शंकासुर

दोन साठवणीची मडकी ढिगाऱ्यात घरंगळून एकमेकांवर आली असतील हेही शक्य आहे ना?

खापरवेडी

आहे. म्हणूनच हात लावू नका म्हणते.

कायदा_कानून

कायद्याचं थोडक्यात. टेकाड केंद्र किंवा राज्याच्या संरक्षित यादीत असेल तर प्रश्नच नाही, तिथे खणणं गुन्हा. केंद्र संरक्षित असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. यादीत नसेल तरी मोकळं रान नाही. माती गौण खनिजात येते, जेसीबी लावून उपसा करायला तहसीलदारांकडे जावं लागतं. सातबारा बघा, पांढरी बहुधा गावठाण किंवा सरकारी निघते. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि ती रक्कम कुणी बदललेली नाही. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. मणी वेचणाऱ्या पोरांना कुणी धरत नाही, पण ते विकत घ्यायला जी माणसं येतात ती याच कायद्यात बसतात.

गिरणाकाठचा

अशी माणसं येतात. पावसाळ्यानंतर मोटरसायकलवर. पोरांना मण्यामागे दहा-वीस रुपये देतात.

केळीवाला

मी सुरुवातीला जे बोललो ते परत बोलतो, रागावू नका. शेतकऱ्याला माती लागतेच. ‘हात लावू नका’ एवढंच सांगून कुणी ऐकणार नाही. मग त्याने माती आणायची कुठून?

पांझराकाठ

गाळ. तुमच्या भागात पाझर तलाव, गावतळी असतीलच. राज्य सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून आहे. उन्हाळ्यात गाळ काढायचा, शेतकऱ्याने वाहून न्यायचा. आमच्या दोन-तीन गावांनी केलंय. पांढरीइतका चुना-राख नसतो, पण हलक्या जमिनीला धरून ठेवतो.

खापरवेडी

आणि जेसीबीने पाडून ठेवलेला ढीग आहे, तो न्यायला माझी हरकत नाही. त्यातला क्रम आधीच मोडलाय. फक्त भरताना चाळून घ्या, मोठी खापरं बाजूला काढा. उभ्या कापाला मात्र कुदळ नको. पावसाआधी त्यावर ताडपत्री किंवा निदान तुराट्यांचा कूड उभा करता आला तर करा, नाहीतर जून-जुलैतच ढासळेल. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला फोटोसह पत्र पाठवा, पोचपावती ठेवा. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथल्या संग्रहालयात जाऊन खापरं नुसती बघून या, तुमची आणि त्यांची जुळतात का ते कळेल.

गिरणाकाठचा

थोडं उशिरा अपडेट देतोय.

पत्र पाठवलंय. उत्तराची वाट बघतोय. कायद्याची प्रिंट काढून सरपंचांना दिली, त्यांनी घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा उभा होताच.

मग बोलता बोलता आईजवळ मडक्यांतल्या लेकराचं बोललो. मी म्हणालो फक्त शक्यता आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की पांढरीत पोर पुरलंय. आज तिकडे कुणी फिरकलं नाही. म्हसोबाला दोन नारळ जास्त फुटले आणि जेसीबीवाला म्हणतोय मशीन दुसऱ्या साइटवर गेलंय. कूडही उभा राहिला, तोही आमच्या म्हाताऱ्यांनी बांधला, पोराच्या अंगावर ऊन नको म्हणून.

शंकासुर

म्हणजे अंधश्रद्धेने पुरातत्त्व वाचवलं. मी काय बोलू आता.

अहिराणी_आप्पा

काही बोलू नको भाऊ. कूड ऱ्हाऊ दे.

खापरवेडी

विभागाचा माणूस आला तर त्याला हेच सांगा की काप जसाच्या तसा आहे. आणि तोवर एक काम करा. कुदळ शेजारी ठेवून सगळ्या कापाचे डावीकडून उजवीकडे फोटो घ्या, थोडे एकमेकांवर येतील असे. सकाळी घ्या, नदीकडच्या बाजूला दुपारनंतर सावली पडत असेल. घेण्याआधी कापावर पाण्याचा हलका फवारा मारा, पंपाने, पाइपाने नाही. ओल्या मातीत पट्टे वेगळे दिसतात.

गिरणाकाठचा

पाठीवरचा फवारणी पंप आहे. पण त्यात औषध मारलेलं असतं, धुऊन घेतो.

केळीवाला

दोनदा धू. आणि पांझराकाठ, तुमच्या गावात गाळाचं काम कुणी बघितलं त्यांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा. आमच्याकडे एक तलाव आहे, चार वर्षांपासून नुसता चिखल झालाय.